ज्यावर कधी भांडण झालं नाही

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक पाटी होती: 'येथे शिंगाडे सोलू नयेत.' निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, चांगली पेंटरकडून रंगवून घेतलेली. पवनीत लिपिक म्हणून रुजू झाले त्या दिवशी मी ती वाचली आणि एकटीच हसत सुटले. मागून कोणीतरी म्हणालं, "हसा, हसा. पण काटा कोणाच्या पायात गेला होता ते पण विचारा."

ते तितिरमारे सर. राज्यशास्त्र शिकवायचे. आडनावाला शोभेल असं त्यांच्यात काही नव्हतं. तितिर पाखरू सोडाच, त्यांनी डास मारलेलाही मी पाहिला नाही. उंच, वाळके, खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. त्यांनी उभ्याउभ्या मला त्या पाटीची जन्मकथा ऐकवली. कधीकाळी एका पोट्ट्यानं वाचता वाचता शिंगाडे सोलले आणि टरफलं टेबलाखाली सारली. ग्रंथालयात चपला बाहेर काढायचा नियम आधीच होता, त्यामुळं ग्रंथपाल अनवाणी. काटा टाचेत गेला, पाय सुजला, ग्रंथपाल पंधरा दिवस घरी आणि ऐन परीक्षेत ग्रंथालयाला कुलूप. मुलांनी प्राचार्यांच्या खोलीसमोर गोंधळ घातला आणि पुढच्या आठवड्यात पाटी लागली. एवढं शोधायला सर निवृत्त ग्रंथपालांच्या घरी तीन खेपा घालून आले होते.

"आता पाहा मंदाबाई," ते म्हणाले, "चपला काढायचा नियम नसता तर काटा गेलाच नसता. एका नियमाच्या पोटातून दुसरा निघते. आणि मधात भांडण असतेच."

हा त्यांचा छंद होता. बसस्टँडवर, बँकेत, दवाखान्यात, कुठंही 'करू नये' असं लिहिलेलं दिसलं की ते हात मागं बांधून उभे राहायचे आणि जवळ जो असेल त्याला विचारायचे, "हे कोणाचं भांडण हाय हो?" बँकेतला शिपाई त्यांना पाहिलं की आत निघून जायचा. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा होती, दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागे. पोरं त्यांना मागं 'भांडणसर' म्हणत, आणि हे नाव त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं.

कायदा कुठून येतो, हा त्यांचा धडा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. पुस्तकात त्यावर चार मतं होती. ज्याच्या हातात काठी त्याचा हुकूम म्हणजे कायदा. लोकांनी एकत्र बसून केलेला करार म्हणजे कायदा. वर्षानुवर्षांची वहिवाट घट्ट होत जाते तो कायदा. आणि बळकटांनी आपल्या सोयीची लावलेली तजवीज, तीही कायदाच. दुसरं कोणी असतं तर हे उतरवून दिलं असतं आणि पोरांनी पाठ केलं असतं. सर फळ्यावर तलाव काढायचे. वर पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, तिच्यात पाणी सोडायचं दार, ज्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात, मग पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, बांध घातलेली भातखाचरं. तलाव मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं, बांधला तेव्हा त्याचा हुकूम चाले, हे पहिलं मत. मालगुजारी गेली, लोकांनी बसून पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, हे दुसरं. असं करत करत चारही मतं ते त्या एका तलावावर उतरवायचे. मग खडू ठेवून हात झटकायचे.

"आणि हे चारही मोठे लोक एक गोष्ट विसरले. पाळ्या ठरल्या त्या कायले ठरल्या? त्याच्या आदल्या वर्षी पाटावर कोणाचं तरी डोकं फुटलं होतं म्हणून."

हे त्यांचं स्वतःचं मत. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि पेपरात लिहिलं तर त्याचे गुण मिळत नसत, तरी पोरं लिहायची.

दरवर्षी नव्या वर्गाला ते पहिले पंधरा दिवस कुठलाच नियम लावत नसत. हजेरी नाही, जागा ठरलेली नाही, केव्हाही या, केव्हाही जा. पोरं खूश. सहाव्या-सातव्या दिवशी पंख्याखालच्या बाकावरून धक्काबुक्की व्हायची, आणि मग पोरंच येऊन म्हणायची, "सर, काहीतरी ठरवून द्या ना जी." त्या दिवशी सरांचा चेहरा बघण्यासारखा असे. ती तक्रार पोरांकडून ते लिहून घेत, त्याखाली नियम लिहून घेत, आणि तो कागद वर्षभर भिंतीला चिकटवलेला राही.

एका वर्षी मात्र वर्ग भांडलाच नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. सर ऑफिसात येऊन माझ्या टेबलापाशी बसले आणि वैतागून म्हणाले, "हा वर्ग मुडदाड हाय. यांच्यात काही होतच नाही." मी पावत्यांवर शिक्के मारत राहिले. त्या वर्गात एका पायानं अधू असलेली एक मुलगी होती, आणि दाराजवळचा पहिला बाक पहिल्या दिवसापासून सगळे तिच्यासाठी सोडत होते. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फीच्या पावत्या द्यायला जायची तेव्हा मला ते दिसायचं. सरांना दिसलं नसावं, किंवा दिसूनही ती त्यांना नोंद घेण्यासारखी गोष्ट वाटली नसावी.

काकू, म्हणजे सरांची बायको, त्यांची भरपूर थट्टा करायच्या. "माझ्या घरातले सगळे नियम मीच केले," त्या म्हणायच्या, "आणि भांडण एकदाही नाही. विचारा यांना, हे कोणत्या मतात बसते?" सर हसून चहा प्यायचे.

ते निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांनी त्यांच्या जन्मगावातून बोलावणं आलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही; आसगावच्या पुढं कुठंतरी आहे, एवढं पुरे. तिथं त्यांच्या वाटणीची लहानशी बांधी अजून होती. गावचा तलाव दुरुस्त व्हायचा होता आणि सरकारी अट अशी पडली की पाणी वाटपाचे नियम लेखी पाहिजेत. गावात लेखी काहीच नव्हतं. सगळे नियम सोमाजी पाणकराच्या डोक्यात होते. पाणकर म्हणजे तुडूम उघडणारा, पाट धरणारा, कोणाच्या बांधीचं तोंड कधी फोडायचं आणि कधी बुजवायचं ते ठरवणारा माणूस. सोमाजीचा बापही पाणकरच होता. सोमाजी आणि सर चौथीपर्यंत एका वर्गात. पाणी वाटप संस्थेचा अध्यक्ष प्रशांत हा सरांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, सोमाजीकाका सांगतील, तुम्ही लिहा."

सर इतके आनंदलेले मी कधी पाहिले नव्हते. आयुष्यभर फळ्यावर काढलेला तलाव आता खरोखरचा पुढ्यात होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नसत, म्हणून रविवारी मी त्यांना माझ्या स्कुटीवर गावी न्यायची. तलावाच्या पाळीवर मोहाच्या सावलीत दोघं बसत. सोमाजी तंबाखूचा खर्रा चोळत नियम सांगायचा आणि सर विचारायचे, "याच्यावर कधी झालं? कोणाकोणात झालं?"

"बापा रे, लई झालं ना मास्तर," असं म्हणून सोमाजी सुरू व्हायचा. कोणी लग्नाला गेला, पाळीवर आलाच नाही, पाणी दिवसभर नाल्यात गेलं आणि बांध फुटला, त्यातून दोन भाऊबंद कोर्टापर्यंत गेले. कोणी भाड्याचा गडी उभा केला आणि त्यानं दुसऱ्याचं पाणी वळवलं. कोणी चार माणसं जमवून गुपचूप बैठक घेतली आणि पाळ्या बदलून टाकल्या. सर लिहीत जायचे. प्रत्येक भांडणातून एक कलम असं करत तेवीस कलमं झाली. मी ती टाइप केली. प्रत्येक कलमाखाली बारीक अक्षरात ते भांडणही छापलं, तसा सरांचा आग्रहच होता. हिरव्या कव्हरचं ते पुस्तक सभेत मंजूर झालं तेव्हा टाळ्या पडल्या. सोमाजीला वाचता येत होतं, पण त्यानं पुस्तक उघडून पाहिलं नाही. "माह्यापाशी हायच ते," म्हणाला.

गेल्या वर्षी गणपतीनंतर पावसानं जी दडी मारली ती मारलीच. धान गर्भावर आलेलं, लोंबी पोटात, आणि बांध्या कोरड्या. तलावात एका फेरीपुरतं पाणी होतं. एका फेरीपुरतं म्हणजे प्रत्येक बांधीला एकदा, बस्स. ज्याला ते मिळेल त्याला धान, ज्याला नाही त्याला नुसता कोंडा. सरांची बांधी पाटाच्या तोंडाशीच, त्यांची पाळी पहिल्याच दिवशी होऊन गेली.

फेरी सुरू झाल्यावर चार-सहा दिवसांत सोमाजी गेला. सकाळी चहा घेता घेता मान टाकली, इतकं साधं मरण. चौथ्या दिवशी मी सरांना भेटीला घेऊन गेले. अनसूयाबाई, सोमाजीची बायको, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगी नागपूरहून आलेली. सर खाली बसले. अनसूयाबाईच मग म्हणाल्या, "सर, बांधीले पाणी झालं असल ना जी? काल आपली पाळी होती. कोणी सोडलं असल ना?"

"सोडलं असेल," सर म्हणाले. मग मला घेऊन ते तडक बांधीवर गेले.

बांधी कोरडी होती. तळाला भेगा, धानाची पानं टोकाशी पिवळी पडायला लागलेली. पाटातलं पाणी शेजारून पुढं चाललं होतं. प्रशांत रजिस्टर घेऊन पाटावरच उभा होता.

"प्रशांत, सोमाच्या बांधीले पाणी काहून नाही?"

"सर, नववं कलम." त्याला बोलताना त्रास होत होता, हे मला दिसत होतं. "पाळीवर घरचं माणूस हजर नसलं तर पाळी पुढं जाते. त्या फेरीत परत भेटत नाही. काल कोणी नव्हतं."

"अरे, सुतकात हाय ना ते घर! सगळी भाऊकी सुतकात हाय. कोण येईल बांधीवर?"

"मले का माहीत नाही सर? तेरवीचे तांदूळ माह्या घरून जाणार हायत. पण पुस्तकात सुतक नाही ना. अन् दुसरं कोणी उभं राहतो म्हणलं तर दहावं कलम हाय, बाहेरचा माणूस चालत नाही."

"आधी कसं होत होतं?"

"आधी सोमाजीकाका होते," प्रशांत म्हणाला. "कोणाच्या घरी मयत झाली की ते स्वतः जाऊन त्या बांधीचं तोंड फोडत. पाळी असो का नसो. कोणी कधी विचारलं नाही त्यांले."

आम्ही परत निघालो. स्कुटीवर सर मागं बसले होते, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ते बोलताहेत. "त्यानं सांगितलं होतं मंदाबाई. शेवटच्या रविवारी. तेवीस कलमं झाली, मी पेन बंद केलं. तो म्हणे, मास्तर, अजून काही काही असते. मयतीचं असते, बाळंतिणीचं असते. मी विचारलं, त्याच्यावर भांडण कधी झालं? तो म्हणे, नाही बाप्पा, त्याच्यावर कोण भांडल? मी म्हटलं, मग सोडा."

मी गाडी थांबवली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, प्रशांतचा, गावाचा, सरांचा, आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त. ती तेवीस कलमं माझ्या हातांनी टाइप झाली होती. माझ्या माहेरीही सुतक येऊन गेलं होतं, आणि तेव्हा आमच्या बांधीत पाणी कोणी सोडलं हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. सर रस्त्याच्या कडेला उतरले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पाणी अजून पाच दिवस पुरणार होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी नवं कलम लिहिलं: 'ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरची पाळी गाव सांभाळेल.' एवढंच. ते घेऊन प्रशांतकडं गेलो. प्रशांतनं वाचलं, मान हलवली. "चांगलं हाय सर. पण सभेले सात दिवसांची नोटीस लागते. तिसरं कलम."

गुपचूप घेतलेल्या बैठकीच्या भांडणातून आलेलं ते कलम. त्याखालचं भांडण सरांनी किती रंगवून लिहिलं होतं, मला शब्दन्‌शब्द आठवत होता.

मग सर घरोघर फिरले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, उन्हात, हातात फाइल. सगळ्यांनी सह्या दिल्या, एकानंही नाही म्हटलं नाही. बसायला पाट दिले, प्यायला पाणी दिलं, चहा दिला, पाया पडले. आणि सर म्हणाले की मग आपल्या पाळीतलं अर्ध्या तासाचं पाणी त्या बांधीला सोड, तर प्रत्येकजण खाली बघू लागला. "सही घ्या सर. पाळी नका मांगू," एकजण म्हणाला. "एकाले दिलं तर दहा उभे होतील. पुस्तकात असतं तर दिलं असतं, देवाशपथ." ही माणसं वाईट नव्हती. त्यांच्याही बांध्यांत धान गर्भावर होतं. सरकारी कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे, तुमचे नियम तर उत्तम आहेत, आम्ही दुसऱ्या गावांना दाखवतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर सर जेवायला उठत नव्हते. काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं. त्या मला हळू म्हणाल्या, "पुस्तक नसतं तर गावाले लाज वाटली असती. यांनी लाजेची जागाच काढून टाकली." सरांनी ते ऐकलं. भिंतीकडं बघत म्हणाले, "खरं बोलून राहिली ते." मग म्हणाले, "मंदाबाई, उद्या सकाळी याल? शेवटचा दिवस हाय."

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकते, म्हणजे मधे कोणाला आशा नको. अनसूयाबाईंच्या बांधीत धान झालं नाही. लोंब्या आल्या त्या पोचट, कापण्यात अर्थ नव्हता, गुरं सोडली. दिवाळीनंतर मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. सरही थंडीत चंद्रपूरला मुलाकडं गेले, आणि तिथंच गेले. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या सकाळीच.

वाटेत त्यांनी मला बेत सांगितला. त्यांना रात्रभर झोप नव्हती, आवाज बसला होता. "अठरावं कलम आठवते? पाटावर मारामारी झाली तर त्याच दिवशी, हजर असतील तेवढ्या लोकांत सभा. नोटीस लागत नाही."

"मग?"

"मग मारामारी झाली पाहिजे."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. माझ्या पायाशी, स्कुटीच्या फळीवर, घरचं जुनं फावडं आडवं ठेवलेलं होतं, आणि ते थट्टा करत नव्हते. मी म्हटलं, सर, मीच भांडते कोणाशी तरी. तर म्हणाले, "तुम्ही सभासद नाही. चालणार नाही." आणि हे अगदी गंभीरपणे.

त्या दिवशी पाळी देवरावची होती. देवराव म्हणजे पाटाच्या टोकाशी बांधी असलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. तो तिकडं टोकाला उभा होता. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाटात उतरले आणि अनसूयाबाईंच्या बांधीचं तोंड फोडायला लागले. हातात जोर नव्हता. तीन-चार घाव चुकीचे पडले. पण माती निघाली आणि पाणी आत वळलं. कोरड्या जमिनीत ते शिरताना फसफस आवाज येत होता. सर कंबरेवर हात ठेवून बघत राहिले, दम लागलेला.

पाणी कमी झालं म्हणून देवराव पाटाच्या काठानं वर आला. त्यानं फोडलेलं तोंड पाहिलं, सरांना पाहिलं. मग पायानं माती सरकवली आणि तोंड बुजवलं.

सरांनी पुन्हा फोडलं. देवरावनं पुन्हा बुजवलं.

"देवराव, तुह्यं पाणी चोरून राहिलो मी," सर ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "काहून गप्प हायस? भांड माह्यासंगं. शिव्या दे."

"असं काहून बोलता जी सर."

"मार मले! फावडं घे अन् मार. तुह्यं धान चाललं ना?"

देवरावचे ओठ हलले. त्याच्या बांधीतही तेच धान होतं, आणि तलावात तेवढ्याच दिवसाचं पाणी. त्यानं हात जोडले. "माह्या पोराले तुम्ही शिकवलं सर. हात तुटून जाईल माहा."

सरांनी त्याची कॉलर धरली. धरली म्हणजे हात तिथवर पोचला. देवराव जागचा हलला नाही, त्यानं सोडवूनही घेतली नाही, डोळे मिटून उभा राहिला. तेवढ्यात आजूबाजूच्या बांध्यांतली पाच-सात माणसं जमली. प्रशांतही धावत आला, रजिस्टर काखेत.

"लिही," सर त्याला म्हणाले. "लिही रे बाबा. पाटावर मारामारी झाली. मी देवरावची कॉलर धरली. अठरावं कलम. सभा घे आत्ता, हे एवढे लोक हायत."

प्रशांतनं सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्यांनी मान खाली घातली. "सर," तो म्हणाला, "काहीच झालं नाही सर. काय लिहू मी? कोणी तुमच्यावर हात उचलला? मारामारीले दोघं लागतात ना जी."

"मी विनंती करतो तुम्हाले," सर म्हणाले. "एकानं मारा. कोणी पण एकानं." त्यांनी प्रत्येकाकडं पाहिलं, नावं घेतली, बापांची नावं घेतली. कोणी पुढं आलं नाही. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. अनसूयाबाईंच्या बांधीत गेलेलं थोडंसं पाणी तोवर भेगांत जिरून गेलं होतं. वर फक्त ओल दिसत होती.

मग सर पाटाच्या काठावर बसले, पाय पाण्यात, गुडघ्यापर्यंत चिखल. रडत होते, तोंड उघडं टाकून, लपवायचा प्रयत्न न करता. मी जवळ गेले. प्रशांत रजिस्टर छातीशी धरून उभा होता. देवराव खाली वाकला. त्यानं पाटातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सरांचा एक पाय धुतला, बोटांमधला चिखल काढून, नीट. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो पुसला.

"सोड," सर म्हणत होते. "सोड रे. पाय सोड माह्ये."

देवरावनं दुसरा पायही धुतला. मग उठून बुजवलेलं तोंड त्यानं एकदा पायानं घट्ट दाबून पाहिलं आणि आपल्या बांधीकडं गेला.